वाढवणला कारखाना न्यावा की कंटेनर पाठवावा?

मा. संपादक महोदय,

पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ होणाऱ्या वाढवण बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाले. तेव्हापासून नागपुरातल्या उद्योजकांच्या बैठकांत 'किनाऱ्यावर जागा धरून ठेवा' हा सल्ला हमखास ऐकू येतो. वर्धा रोडचे प्लॉट विकणाऱ्यांच्या जोडीला पालघर-डहाणूचे प्लॉट विकणारेही आले आहेत. कस्टम्सची कागदपत्रे, कंटेनरची वाहतूक आणि औद्योगिक भूखंड ही आम्हा पत्रलेखकांची रोजची कामे असल्यामुळे या विषयावर लिहीत आहोत. बंदराबद्दल आमची तक्रार नाही. विदर्भातल्या लघुउद्योजकाला बंदराचा फायदा तिथे राहायला जाऊन होईल की इथे बसून, हा हिशेब मात्र वजनकाट्यावर व्हायला हवा. माहितीपत्रकातल्या चित्रांवर तो होत नाही.

बंदराचे बळ आधी सांगतो, कारण ते खरे आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. त्यात जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के आहे. आराखड्यात प्रत्येकी १,००० मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल आणि वर्षाला सुमारे २ कोटी ३२ लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या हिशेबाने तेवढे डबे हाताळण्याची क्षमता आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पाण्याची नैसर्गिक खोली २० मीटरच्या आसपास आहे. न्हावा शेव्याची, म्हणजे सध्याच्या जवाहरलाल नेहरू बंदराची, वाहिनी खोदून पंधरा मीटरपर्यंत न्यावी लागली आणि ती राखायला गाळ सतत काढावा लागतो. वीस-चोवीस हजार कंटेनरच्या जहाजाला सोळा मीटरहून जास्त पाणी लागते, म्हणून आपला बराच माल कोलंबो किंवा सिंगापूरला उतरून दुसऱ्या जहाजावर चढतो. तिथले चार-सहा दिवस आणि दोनदा उचल-ठेवीचे पैसे शेवटी गोंदियाच्या तांदळाच्या भावात बसतात. ते वाचले तर आपलाही फायदा आहे.

आता वजनाचे बघू. वीस फुटी कंटेनरमध्ये पन्नास किलोच्या ५२० गोण्या, म्हणजे २६ टन तांदूळ बसतो. धानाचा उतारा ६७ टक्के धरला तर या तांदळामागे ३९ टन धान लागते. राईस मिल किनाऱ्यावर नेली तर तेरा टन कोंडा-तूस आठशे-साडेआठशे किलोमीटर फिरवून आणावे लागेल. कापसाचे गणित याहून कडक आहे. रुईचा उतारा ३४-३५ टक्के असतो, म्हणजे २६ टन रुईसाठी पंचाहत्तर टन कापूस. म्हणून जिनिंग हिंगणघाट-वणीलाच राहणार. सोयाबीनमध्ये तेल अठरा टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक ढेप. तिचे गिऱ्हाईक देशातही आहे आणि परदेशातही, त्यामुळे गाळप इथेच परवडते. जमिनीवरून येणारा कच्चा माल कारखान्यात हलका होत असेल, तर कारखान्याने कच्च्या मालाचे शेजारपण सोडू नये.

उलट बाजूचे उदाहरण नागपूरच्या लाकूडबाजारातल्या, लकडगंजच्या व्यापाऱ्यांना चांगले माहीत आहे. कांडला बंदराच्या जोरावर उभ्या राहिलेल्या गांधीधाममध्ये आयात लाकडाच्या आरागिरण्यांची रांगच आहे. गोल लाकूड कापले की फळ्या-चौकटींत जेमतेम निम्मे हाती लागते, बाकी साल, फळकूट आणि भुसा. ते निम्मे ओझे बंदरावरच उतरून गेले तर पुढचे ट्रकभाडे फक्त कामाच्या मालाचे. म्हणून लकडगंज कापलेला माल मागवतो आणि आरा किनाऱ्यावर फिरतो. तेथील पामतेल रिफायनऱ्यांचे कारण थोडे वेगळे आहे. शुद्ध करताना तेल फारसे घटत नाही, पण जहाज एका वेळी हजारो टन आणते. ते उतरवून ठेवायच्या टाक्या धक्क्याजवळच लागतात आणि टाकीजवळ रिफायनरी आपोआप येते.

मग भंगार आयात करणारे जालन्याचे पोलाद कारखाने किनाऱ्यापासून इतके आत कसे टिकले? भंगार वितळवताना घट थोडी येते आणि सळईचे गिऱ्हाईक मराठवाडा-विदर्भातच आहे. वजन फारसे बदलत नसेल तर कारखाना बाजारपेठेजवळ राहू शकतो. विजेचे मात्र वेगळे बघावे. पोलादात मिसळल्या जाणाऱ्या सिलिको मँगनीजच्या एका टनाला चार हजार युनिटच्या आसपास वीज जाते. तिथे वाहतुकीच्या आधी वीजदर, वीज शुल्कातली माफी आणि राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत तालुक्याचा गट कोणता, हे बोलते. महावितरणचा मूळ दर किनाऱ्यावर गेल्याने कमी होत नाही. विदर्भ-मराठवाड्यातला उद्योग म्हणून वीज सवलत मिळत असेल, तर ती मात्र मागे राहते. मनसर, चिखला, डोंगरी बुजुर्गचे मँगनीज पायाशी असताना भट्टी हलवण्याआधी हा आकडा दोनदा तपासावा.

गांधीधामचा दुसरा धडा कोणत्याही बंदरनगरीच्या प्रचारात येत नाही. फाळणीत कराची गेले आणि सिंधी निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी भाई प्रताप यांच्या सिंधू रिसेटलमेंट कॉर्पोरेशनने कच्छच्या महारावांनी दिलेल्या १५,००० एकरांवर हे शहर उभे केले. कांडला १९५५ मध्ये प्रमुख बंदर झाले आणि १९६५ मध्ये देशातला पहिला मुक्त व्यापार विभाग तिथेच आला. पण कांडला खाडीतले बंदर आहे. तिथे भरती-ओहोटी मोठी आणि गाळही सारखा. १९९८ मध्ये जवळच मुंद्रा सुरू झाले. तिथे जास्त खोल पाणी मिळाल्यावर कंटेनरची जहाजे तिकडे वळली. त्याच वर्षी जूनच्या चक्रीवादळाने कांडल्यात प्रचंड जीवितहानी केली आणि २००१ मध्ये भूकंप झाला. तरी लाकूड, तेल, सुटा माल यांवर शहर टिकले, कारण त्यांना आत येणाऱ्या जहाजाचा मालच लागतो. नुसती गोदामे आणि कंटेनर यार्ड बांधून बसलेल्यांचे काय? जहाज कंपनी एका वेळापत्रकाच्या बदलात बंदर बदलते, आपले गोदाम मात्र जागेवरच राहते.

डहाणूच्या जमिनीत सगळ्यांत जास्त पैसे अडकण्याची भीती आहे, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो. २० जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला आहे. उद्योगांना तालुक्यात एकूण ५०० एकरांची मर्यादा आहे. लाल गटातल्या, म्हणजे सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या उद्योगांना परवानगी नाही. मूळ अधिसूचनेत तालुक्याच्या हद्दीभोवती २५ किलोमीटरच्या पट्ट्याचाही उल्लेख आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये स्थापन झालेल्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये याच किनाऱ्यावरच्या बंदराला नकार दिला होता. सध्याच्या प्रकल्पाला ३१ जुलै २०२३ रोजी अटींसह संमती मिळाली, ती बंदराला. बंदर समुद्रात १,४४८ हेक्टर भराव टाकून होणार आहे. त्यामुळे बंदराला परवानगी मिळाली म्हणजे शेजारच्या शेतात रंगाचा किंवा रसायनाचा कारखाना उभा राहील, असे मानणाऱ्याने अधिसूचना वाचलेली नाही.

दुसरा अडथळा सातबाऱ्यावर दिसतो, पण बघणाऱ्यालाच. हा आदिवासी, अनुसूचित भाग आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि त्यामागे राज्य शासनाची मान्यता लागते. पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्यालाही जिल्हाधिकारी लागतातच. नोटरीसमोर केलेला करारनामा, 'कुलमुखत्यारपत्र आहे ना' हे आश्वासन किंवा एखाद्या आदिवासी व्यक्तीच्या नावावर घेऊन ठेवायची युक्ती यांतली एकही गोष्ट पुढे टिकत नाही. जमीन मूळ मालकाकडे परत जाते, आपले पैसे परत येत नाहीत. कागद बघताना चालू सातबारा पुरेसा नाही. १९५० पासूनचे जुने उतारे आणि फेरफार तलाठ्याकडून मागवा, आजचे नाव कुठून आले ते तिथेच कळते. भोगवटादार वर्ग २ असेल, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन असेल, तर थांबा. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही. औद्योगिक वापरासाठी कुळकायद्याच्या कलम ६३-१अ ची वाट आहे, पण ती औद्योगिक झोनमधल्या जमिनीसाठी, आणि ठरल्या मुदतीत उद्योग सुरू करण्याच्या अटीवर.

खाडीकाठच्या जागेला सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची रेषा वेगळी बघावी लागते. समुद्रकिनाऱ्यावर भरतीरेषेपासून ५०० मीटर, तर खाडीच्या बाजूने २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतले जे कमी असेल ते. मंजूर नकाशावर गट क्रमांक टाकून घ्या. दलालाच्या मोबाइलवरचा उपग्रह नकाशा ओहोटीच्या वेळचा असू शकतो, त्यावर सगळेच कोरडे दिसते.

या भानगडी नकोत म्हणून एमआयडीसीचा भूखंड बघणाऱ्यांना तारापूर-बोईसर जवळ पडते. तिथे ९५ वर्षांचा भाडेपट्टा मिळतो आणि आदिवासी जमिनीची अडचण नाही. पण सांडपाण्याचा प्रश्न जुना आहे, हरित न्यायाधिकरणापर्यंत गेलेला. रासायनिक किंवा डाईंगचे युनिट असेल तर सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात आपल्या घनमीटरची जागा शिल्लक आहे का, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या स्थापना संमतीच्या आधी लेखी घ्यावे. ठरल्या मुदतीत बांधकाम पूर्ण करून पूर्णत्वाचा दाखला घेतला नाही तर मुदतवाढीचे शुल्क लागते, पुढे भूखंड परतही घेतला जातो. बंदराचा पहिला टप्पा २०२९-३० च्या सुमारास अपेक्षित आहे. आज जागेत घातलेला एक कोटी दहा टक्क्यांनी पाच वर्षांत एक कोटी एकसष्ट लाख होतो. विकणारा पाच वर्षांनंतरचा जो भाव सांगतो, तो आधी या आकड्याशी ताडून पाहावा.

यंत्रसामग्रीचे थोडक्यात. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर असतो, पण हवा कोरडी. म्हणून आपला कूलिंग टॉवर चांगला चालतो आणि घरचा कूलरही. किनाऱ्यावर तोच कूलर निव्वळ पंखा होतो. तिथे दमट हवेत टॉवरचे पाणी फारसे थंड होत नाही, म्हणून तीच यंत्रे न्यायची असतील तर टॉवर मोठ्या क्षमतेचा घ्यावा लागतो. खारट वाऱ्यात बुटीबोरीच्या शेडला चालणारा दोन हातांचा रंग दोन पावसाळे टिकत नाही. लोखंडी सांगाड्याला जस्ताचा लेप किंवा तीनशे मायक्रॉनच्या आसपास इपॉक्सी थर लावावा, तोही वाळूचा मारा करून गंज काढल्यावरच. विजेच्या पॅनेलमध्ये हीटर बसवा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात कॉन्टॅक्टर चिकटतात. पाऊस नागपूरच्या दुपटीच्या आसपास पडतो, त्यामुळे जोते आणि रस्त्याची पातळी इथल्या अंदाजाने ठेवू नये.

एवढे सारे पाहिल्यावर बहुतेक विदर्भी उद्योगांचे उत्तर 'कारखाना इथे, कंटेनर तिथे' असेच येईल. मग खरे काम नागपूर ते धक्का या मार्गाचे आहे. अजनी, मिहान, बोरखेडी आणि वर्धा जिल्ह्यातले सिंदी रेल्वे इथल्या कंटेनर डेपोंकडे चर्चा वळली पाहिजे.

रेल्वेने माल आज न्हावा शेव्याला जाताना बरेचदा इगतपुरी-कसाऱ्याचा थळ घाट आडवा येतो. चढाव ३७ ला १. चढताना मागे बँकर इंजिने लावावी लागतात आणि उतरताना ब्रेकच्या तपासणीत वेळ जातो. वाढवणची गोष्ट वेगळी आहे. नागपूर-भुसावळ-जळगाव-नंदुरबार-उधना हा ताप्ती मार्ग दुहेरी आणि विद्युतीकृत आहे. उधन्याहून खाली वलसाड-वापी-डहाणू. म्हणजे विदर्भाचा रेक (अख्खी मालगाडी) एकही मोठा घाट न चढता-उतरता वाढवणच्या दारात पोहोचू शकतो. बंदरापासून मुख्य मार्गापर्यंत बारा किलोमीटरची जोडलाइन आराखड्यात आहे. आमच्या मते नागपूरसाठी या बंदराचा सगळ्यांत मोठा गुण हाच आणि नेमका त्याचाच कुठे उल्लेख होत नाही. पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गावर उंच तारांमुळे एकावर एक कंटेनर जातात, ताप्ती मार्गावर जात नाहीत. मग उधन्याच्या आसपास आपल्या रेकला त्या मार्गावर घेणार की प्रवासी गाड्यांच्या मागे उभे करणार, याचे उत्तर रेल्वेकडून आजच मागायला हवे. रुळांचे काटे ठरून गेल्यावर मागून उपयोग नाही.

रस्त्याने समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून आमणेपर्यंत ७०१ किलोमीटर पूर्ण खुला आहे. न्हावा शेव्याला जाणारा ट्रेलर आमण्यानंतर भिवंडीच्या गर्दीत सापडतो. वाढवणसाठी समृद्धीवरच्या भरवीरपासून पालघर जिल्ह्यातल्या तवा गावापर्यंत सुमारे १०५ किलोमीटरचा जोडरस्ता राज्याने मंजूर केला आहे. तो झाला की भिवंडी टळेल. ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन वाहतूक कागदाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे साडेआठशे किलोमीटरला पाच दिवस मिळतात. गाडी बिघडली तर मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवून घ्यावी. ट्रान्सपोर्टर वाढवेल या भरवशावर राहिलेल्यांची गाडी तपासणीत अडकून जहाज चुकते.

जहाज चुकण्याची खरी कारणे मात्र बहुधा नागपुरातच तयार होतात. कंटेनरच्या रेकला ४५ वाघिणी, म्हणजे ९० वीस फुटी डबे लागतात. आपले चार डबे सोमवारी तयार असले आणि रेक गुरुवारी भरला, तर बंदराचा गेट बंद होण्याची वेळ निघून जाते आणि माल पुढच्या आठवड्याच्या जहाजावर ढकलला जातो. म्हणून परदेशी खरेदीदाराशी पतपत्र (त्याच्या बँकेची पैसे देण्याची लेखी हमी) ठरवताना शेवटची लदान तारीख कारखान्यातून माल निघण्याच्या तारखेपासून किमान पंधरा दिवस पुढे ठेवा. पतपत्रात माल स्वीकारण्याचे ठिकाण नागपूर आणि लदानाचे बंदर न्हावा शेवा, असे दोन्ही लिहून घ्या. नुसते बंदराचे नाव असेल तर नागपूरहून निघालेले थ्रू बिल ऑफ लेडिंग, म्हणजे सबंध प्रवासाची मालपावती, बँक विसंगती म्हणून परत करू शकते. सौदा शक्यतो एफसीए नागपूर करावा, म्हणजे माल नागपुरात वाहतूकदाराच्या हाती दिला की आपली जबाबदारी संपते. एफओबी न्हावा शेवा, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंत जबाबदारी आपली, असे केले की नागपूर ते धक्का यातली प्रत्येक दिरंगाई आपल्या गळ्यात.

रिकाम्या डब्यांची अडचणही इथलीच. आपला निर्यात माल जड, त्याला वीस फुटी डबा लागतो. आयात येते ती बरेचदा हलक्या मालाची, चाळीस फुटीत. रिकामा झालेला मोठा डबा तांदूळवाल्याच्या कामाचा नाही, म्हणून वीस फुटी डबे बंदरावरून रिकामे ओढून आणावे लागतात आणि ते भाडे निर्यातदार भरतो. आयातदार आणि निर्यातदार यांनी एकाच शिपिंग लाइनकडे बोलणी केली तर यातला काही भाग सुटतो.

भरलेल्या डब्याच्या वजनाचा दाखला १ जुलै २०१६ पासून जगभर सक्तीचा आहे. भरलेला डबा काट्यावर नेऊन गाडीचे आणि डिझेलचे वजन वजा करा, किंवा माल, पॅकिंग, लाकडी आधार आणि डब्याचे रिकामे वजन यांची बेरीज करा. गोण्यांच्या खालच्या पॅलेटी बेरजेत धरायच्या राहतात, ही नेहमीची चूक. काटा वैधमापनशास्त्राच्या शिक्क्याचा हवा.

निर्यातीवरच्या जीएसटी परताव्याचे पैसे अडकतात ते दोन ठिकाणी. जीएसटीआर-१ च्या तक्ता ६अ मध्ये बीजक क्रमांक '१२/अ' आणि शिपिंग बिलात, म्हणजे कस्टम्सच्या निर्यात अर्जात, '१२-अ' असा लिहिला की एसबी००५ ही त्रुटी येते. तिरकी रेघ आणि आडवी रेघ यंत्राला एकच वाटत नाही. दुसरे म्हणजे नागपूरला कस्टम्सने सोडलेल्या मालाचे निर्यात विवरणपत्र बंदरावर शिपिंग लाइनने दाखल करायचे असते. तिथे डब्याचा क्रमांक किंवा नगांची संख्या जुळली नाही की परतावा महिनोन्महिने लटकतो. जहाज सुटल्यावर आठ दिवसांत कस्टम्सच्या आयसगेट संकेतस्थळावर स्थिती बघावी आणि त्रुटी दिसली तर सीएचएकडून (कस्टम्स एजंटाकडून) लगेच दुरुस्ती मागवावी. आयातदारांनी लक्षात ठेवावे की बंदरावर येणाऱ्या मालाचे बिल ऑफ एंट्री (कस्टम्सचा आयात अर्ज) जहाज पोहोचण्याच्या आदल्या दिवसाअखेरपर्यंत भरायचे असते. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये दंड बसतो. डबा परत द्यायचे मोफत दिवस किती, हे बिल ऑफ लेडिंगवरच लिहून घ्यावे. तोंडी दिलेले दिवस बिलात दिसत नाहीत.

संत्र्याबद्दल वेगळे लिहावे लागेल, कारण 'बंदर झाले की संत्री थेट युरोपात' असे जाहीरपणे बोलले जाते. रेफर, म्हणजे शीत कंटेनर, हे थंड करायचे यंत्र नव्हे, ते थंड माल थंड ठेवते. वरूड-काटोलच्या बागेतून दुपारी तोडलेली तीस-पस्तीस अंशांची फळे तशीच भरली, तर डब्यातली हवा थंड होते, पण पेटीच्या मधली फळे दोन-तीन दिवस गरमच राहतात. पाणी सुटते आणि देठाजवळ बुरशी धरते. तोडणीनंतर काही तासांत फळ पूर्वशीतगृहात सहा-सात अंशांवर आणणे, मग मेणलेप, छिद्रांच्या पेट्या, हवेच्या मार्गात न येणारी रचना आणि हवेची झडप थोडी उघडी ठेवणे, हा क्रम आहे. रस्त्यावर ट्रेलरला जनरेटर, आणि अजनी किंवा सिंदीला रेफर उभा राहील तिथे विजेचे प्लग. ही सोय बंदरावर नव्हे, इकडे हवी.

बाहेरून कामासाठी जाणाऱ्या तरुणांना एवढेच सांगतो की बंदरातली पहिली भरती स्थानिक मच्छीमार आणि प्रकल्पबाधितांची व्हायला हवी आणि ते योग्यच आहे. जानेवारी १९८४ मध्ये नवी मुंबई-उरणच्या आंदोलनात पाच जणांचे बळी गेल्यावर तिथे साडेबारा टक्के विकसित जमिनीचा मार्ग निघाला, हे डहाणूचे लोक विसरलेले नाहीत. नागपूरच्या आयटीआयवाल्यांना रेफर दुरुस्ती, रीच स्टॅकर (कंटेनर उचलून रचणारे यंत्र) चालवणे, जड वाहनाच्या परवान्यावर धोकादायक मालाची नोंद, ही कौशल्ये उपयोगी पडतील. सिंदीलाही तीच लागणार आहेत.

नागपुरात पुढचे गुंतवणूकदार संमेलन होईल तेव्हा बंदर प्राधिकरण, एमआयडीसी आणि रेल्वे यांच्या प्रतिनिधींनी चार कागद सोबत आणावेत: उद्योगांना खुल्या गटांची गट-क्रमांकनिहाय यादी, १९९१ च्या अधिसूचनेचा आजचा लागू मजकूर मराठीत, तारापूरच्या सांडपाणी केंद्राची शिल्लक क्षमता, आणि ताप्ती मार्गावरून वाढवणला जाणाऱ्या रेकची आठवड्यातले ठरलेले वार व सुटण्याच्या वेळा. चौथा कागद आधी द्यावा. सिंदीहून दर मंगळवारी आणि शुक्रवारी, रेक पूर्ण भरला असो वा नसो, गाडी सुटेल असे लेखी मिळाले, तर पतपत्राच्या तारखा त्या दिवसापासूनच बदलता येतील.

आपले,
आयात-निर्यात कागदपत्रे, कंटेनर वाहतूक व औद्योगिक भूखंड सल्ला या क्षेत्रांतील काही व्यावसायिक,
नागपूर